नळीतून निसटलेली तार

माझ्या हातची तार सुटत नाही. हे मी कित्येक वर्षं छाती पुढे काढून सांगत आलेय, आणि एक वेळ सोडली तर ते खरंही आहे. त्या एका वेळेबद्दलच लिहायला बसलेय, पण आधी थोडी शेखी मिरवून घेते. नंतर मिरवायला तोंड राहणार नाही.

होसकोटेच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं काम केलं. गाड्यांच्या वायरी जोडायचा कारखाना. तारेच्या टोकावर धातूची बारीक नळी चढवायची आणि दाबून बसवायची, की तार आणि नळी एकजीव झाली पाहिजे. त्याला क्रिम्प म्हणतात. मी तपासणीच्या टेबलावर होते. नळी कमी दाबली तर तार निसटते, जास्त दाबली तर आतल्या आत चिरते, आणि गंमत अशी की वरून दोन्ही सारख्याच छान दिसतात. मला मात्र कळायचं. नवीन मुली यायच्या, "अक्का, स्वल्प इकडं तिकडं चालतं की," म्हणून लाडीगोडी लावायच्या. मी म्हणायची, "तुला चालेल गं बाई. ब्रेक लागला नाही तर गाडीत बसलेल्याला चालेल का?" माझ्यामुळे दोघीतिघी रडल्या असतील, पण माझ्या टेबलावरून पुढे गेलेला एकही तुकडा परत आला नाही.

आमच्या ह्यांना मासे पकडायचा नाद. लग्न झालं तेव्हा रविवारी सकाळी होसकोटेच्या तळ्याकाठी गळ टाकून बसायचे आणि दुपारी बोटाएवढे चार मासे घेऊन ऐटीत घरी यायचे. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि नाद मोठा झाला. आता दोन मित्रांबरोबर वर्षातून दोनतीनदा मुरुडेश्वरच्या बाजूला जायचं, बोट ठरवायची आणि खोल समुद्रात सुरमईच्या मागे लागायचं.

सुरमई म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तव्यावरचा तुकडा येत असेल. ह्यांच्या डोळ्यांसमोर येते ती माणसाच्या कमरेइतकी लांब, लहान माशांच्या थव्यावर तुटून पडणारी. तिचे दात म्हणजे करवतीचं पातं. दोरा कितीही भारी असो, एका चाव्यात खलास. म्हणून दोरा आणि गळ यांच्या मधे हातभर स्टीलची तार लावतात. तिला लीडर म्हणतात. दोन्ही टोकांना फासा, आणि फासा उघडू नये म्हणून त्यावर दाबलेली नळी. आता सांगा, नळी दाबायची म्हटल्यावर मी कशी गप्प बसणार?

पहिल्यांदा ह्यांनी दुकानातून आणलेला लीडर मी हातात घेतला आणि कपाळाला हात लावला. "ही नळी कुणी डोळे मिटून दाबली का हो? पार कडेपर्यंत चेपलीय. तोंडापाशी तार कापली जाणार, बघा." ते म्हणाले, "परदेशी माल आहे तो." मी म्हटलं, "असेना." पुढच्याच फेरीत तो बरोब्बर नळीच्या तोंडापाशी तुटला. ह्यांनी आल्या आल्या तुटका तुकडा माझ्यासमोर ठेवला आणि हात जोडले.

त्या दिवसापासून लीडर माझ्याकडे. शिवाजीनगरच्या बाजारात फिरून मी मापाची पक्कड शोधून आणली. सात बारीक तारांचा पीळ असलेली स्टीलची तार आणली, तिच्या मापाच्या तांब्याच्या नळ्या आणल्या. तार नळीतून घालायची, कडीतून फिरवून परत नळीत आणायची, शेपूट नळीबाहेर तांदळाच्या दाण्याएवढंच ठेवायचं. मग नळी मधोमध दाबायची आणि दोन्ही तोंडं स्वल्प उघडी सोडायची. पक्कड एकदाच दाबायची, ठाम. चाचपडत दोनदा दाबली तर गेलीच. आणि शेवटी काट्याची परीक्षा. जिन्याखालच्या लोखंडी आकड्याला मी टांगायचा काटा अडकवला होता. काट्याला लीडर, लीडरला खाली घट्ट करायचा स्क्रू. स्क्रू फिरवत काटा तीस किलोवर आणायचा आणि साठ आकडे मोजायचे. नळी केसभर जरी सरकली तरी लीडर कचऱ्यात. हळूहळू ह्यांचे मित्र मागायला लागले, मग मित्रांचे मित्र. मला ते सगळे अक्का म्हणत, आणि लीडरलाही अक्काचा लीडर असंच नाव पडलं. मला ते फार आवडायचं. का आवडू नये?

आता ती वेळ.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. इथे बेंगळुरूत तर त्या दिवशी रिक्षापासून संगणकापर्यंत सगळ्याला झेंडूची माळ पडते आणि रस्तोरस्ती कोहळे फुटलेले असतात. आमच्या घरी सुरी, विळी, शिवणयंत्राची कात्री, ह्यांची स्कूटर, आणि अलीकडे माझी पक्कड, तारेचं वेटोळं आणि काटा. आमची रीत अशी की सगळं आधी लख्ख पुसायचं, खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, मग हळदकुंकू. काटा मधोमध मांडायचा, कारण खरंखोटं तोच सांगतो, आणि त्याच्या पाटावर कलश. एकदा मांडलं की दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत काही हलवायचं नाही. माझ्या सासूबाईंपासून हे असंच चाललंय.

त्या वर्षी तारेच्या वेटोळ्यालाही मीच तेल लावलं. कुणी सांगितलं नव्हतं. देवापुढे ठेवायचं तर चमकलं पाहिजे, म्हणून कापसाचा बोळा भिजवून अगदी प्रेमानं, आतून बाहेरून.

नवमीच्या संध्याकाळी ह्यांच्या मित्राचा फोन आला. बोटवाला म्हणतोय हवा बदलणार, तेव्हा दोन दिवस आधीच निघू, उद्या दुपारची बस. घरात एकही तयार लीडर नव्हता. होते नव्हते ते मी आदल्या आठवड्यात देवनहळ्ळीच्या एका गृहस्थांना देऊन बसले होते.  हे नुसते पूजेकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिले.

दसऱ्याच्या सकाळी मी देवाला नमस्कार केला, चुकलं माकलं माफ कर म्हटलं, आणि कडेला ठेवलेली पक्कड आणि तार हळूच उचलली. एवढी रीत मोडताना जीव खालीवर झाला, पण मोडली. काट्याला हात लावायचा तर कलश हलवावा लागणार होता. ते माझ्याच्यानं होईना. पक्कड पुसली, सहा लीडर केले. तार हाताला जरा बुळबुळीत लागली, तीही पदराला पुसली आणि पुढे गेले. दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, बरे वाटले. सव्वीस वर्षांचा हात आहे, म्हटलं, काट्याला काय नवीन सांगायचंय! आणि कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकवतात ते मी, तपासणीची बाई, विसरले. तेलकट तार क्रिम्प करायची नाही. पिळाच्या आत तेल शिरतं, पदराला पुसून ते निघत नाही, आणि नळीला तार धरायला काही उरत नाही.

तिसऱ्या दिवशी हे परत आले. बॅग दारात ठेवली, चप्पल काढली आणि तिथेच पायरीवर बसले.

"काय हो? काही मिळालं नाही?"

"मिळालं होतं," ते म्हणाले. "एवढी मोठी मी आयुष्यात बघितली नाही. अर्धा तास झुंजली. बोटीजवळ आली, पोटाचा पांढरा भाग दिसला. आणि माझा हात थरथरायला लागला गं. दोरा सोडायचा तर माझा अंगठा रिळावर दाबला गेला. एकदम सगळं सैल. गेली."

"म्हणजे दोरा तुटला?"

"तार तुटली. माझ्या अंगठ्यामुळे. माझ्या हातात आता काही राहिलं नाही."

मी म्हटलं, "होतं असं कधी कधी. आंघोळ करून घ्या." आणि त्यांची बॅग रिकामी करायला बसले.

तो लीडर कप्प्यात गुंडाळून ठेवला होता. मी तो उजेडात धरला. तुटलेली तार कशी दिसते ते मला झोपेतही सांगता येईल. तिचे सातही धागे केरसुणीसारखे फुटतात. इथे टोक सपाट होतं, माझ्याच कात्रीनं कापलेलं, जसंच्या तसं. नळी जागेवर होती. नळीतून तार सरळ बाहेर ओढली गेली होती आणि फाशाच्या जागी नुसता बाक उरला होता. पीळ नखानं उकलला तर आत कुंकवाची लाली, आणि बोटाला तेल.

तार तुटली नव्हती. निसटली होती. ह्यांचा अंगठा दाबला गेला असेल किंवा नसेलही, पण माझी तार त्याला पुरून उरायला हवी होती. तीस किलोचा लीडर आहे तो, अंगठ्याला भिणारा नाही.

तेव्हाच बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता, दाराबाहेरून ओरडून सांगितलं असतं तरी झालं असतं. मी तो तुकडा कागदात गुंडाळला आणि शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली ठेवला. उरलेले पाच गुपचूप काट्याला लावले. तीन निसटले. पाचही कापून फेकून दिले.

का सांगितलं नाही? लाज वाटली, दुसरं काय! अक्काचा लीडर सुटला हे मला माझ्या तोंडानं म्हणवेना. मला वाटलं, चार दिवसांत विसरतील, मी नवीन करून देईन, पुढच्या फेरीत मासा मिळेल आणि सगळं आपोआप मिटेल.

मिटलं नाही. डिसेंबरात मित्र बोलवायला आले तर हे म्हणाले, पाठ दुखतेय. फेब्रुवारीत म्हणाले, लग्न आहे. कुणाचं लग्न? आमच्या ओळखीत कुणाचं लग्न नव्हतं. मग औषधांच्या दुकानातून एक रबरी चेंडू आला. रोज सकाळी खिडकीत बसून तो दाबायचा, शंभर वेळा उजव्या हातानं, शंभर वेळा डाव्या. डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही. ह्यांना वाटलं, डॉक्टर वयाकडे बघून समजूत काढतायत. स्कूटर चालवणं सोडलं, म्हणाले, ऐन वेळी ब्रेक दाबला गेला नाही तर? पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन वर आणायचा असला की खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला हाक मारायचे. पूर्वी तोच कॅन खांद्यावर टाकून शीळ घालत जिना चढायचे.

आणि मी बघत होते. स्वयंपाकघरातून मला चेंडूचा तो फुस्स फुस्स आवाज यायचा आणि मी भाजी चिरत उभी असायची. आज सांगू, उद्या सांगू. जितके दिवस जायचे तितकं सांगणं जड व्हायचं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एका तारेची चूक होती. आता ती माझी चूक झाली होती.

जूनमध्ये एका रविवारी सकाळी तो भाडेकरू वर आला. पुण्याचा, तिशीतला, कुठल्याशा आयटी कंपनीत. भला माणूस आहे, मराठी बोलताना निम्मं इंग्रजी बोलतो, तेवढं सोडलं तर. मी पोहे करत होते. बाहेर येऊन बघते तर ह्यांनी दोन्ही रॉड कापडी पिशवीतून काढलेले, रिळं पुसून सतरंजीवर मांडलेली, आणि भाडेकरू मोठा रॉड हातात घेऊन संकोचानं उभा.

"काका, आर यू शुअर? म्हणजे हे सगळंच?"

"घेऊन जा," हे म्हणाले. "तुला आवड आहे. माझ्याकडे नुसतं पडून राहील. असल्या गोष्टींना हातात जोर लागतो बाबा. माझा गेला."

इतकं साधं म्हणाले. जसं काही दूध नासलं म्हणून सांगावं.

माझ्यानं राहवलं नाही. मी आत गेले, शिवणाचा डबा जमिनीवर उपडा केला, कागदाची पुडी उचलली आणि बाहेर येऊन ह्यांच्या पुढ्यात ठेवली.

"रॉड खाली ठेव," मी भाडेकरूला म्हटलं. "आणि तुम्ही हे बघा. चष्मा लावा आणि नीट बघा."

"काय आहे हे?"

"तुमच्या त्या सुरमईचा लीडर. तार तुटली नव्हती. नळीतून निसटली. पूजेत मी तारेला तेल लावलं होतं आणि तशीच क्रिम्प केली. काट्याला लावली नाही, कलश होता म्हणून. तुमच्या हातानं काही झालं नाही. माझ्या हातानं झालं."

भाडेकरू म्हणाला, "काकू, मी नंतर येतो, नो प्रॉब्लेम," आणि चपला हातात घेऊनच जिना उतरला.

ह्यांनी चष्मा लावला. तार उजेडात धरली, नळी फिरवून पाहिली. सपाट टोकावरून बोट फिरवलं. इतक्या वर्षांत मी त्यांना हेच तर शिकवलं होतं, तुटलेलं काय आणि सुटलेलं काय. त्या दिवशी बोटीवर त्यांनी पाहिलं असतं तर त्यांनाही कळलं असतं. पण त्यांनी पाहिलंच नव्हतं. अक्काचा लीडर सुटेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आलात त्याच दिवशी. तुम्ही आंघोळीला गेला होतात."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मी बघत होते, ऑक्टोबरपासून जूनपर्यंत, एकेक पेर.

"मी रोज खिडकीत बसून तो चेंडू दाबायचो," ते म्हणाले. "तू आत होतीस."

त्यांनी आवाज चढवला असता तर मी पण चढवला असता. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण ते ओरडलेच नाहीत. उठले, रॉड पिशवीत घातले, कपाटात ठेवले आणि बाहेर निघून गेले. पोहे गार झाले. मी एकटीनं खाल्ले नाहीत, टाकलेही नाहीत, नुसती कढईकडे बघत बसले.

चार दिवस अबोला. वाढलेलं जेवत होते, पेपर वाचत होते, विचारलं तर हो-नाही एवढंच. माफी मी पहिल्याच संध्याकाळी मागितली. ते म्हणाले, "हं." त्या एका हुंकारापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

पाचव्या दिवशी सकाळी मी टेबलावर लीडर करत होते. ते आले, समोरची खुर्ची ओढली आणि बसले.

"मला शिकव."

"काय?"

"हेच. यापुढे माझे लीडर मी करणार."

 मला वाटलं होतं म्हणतील, जाऊ दे झालं गेलं, सहा चांगले करून दे. मी म्हणणारच होते, अहो, या वेळी दहादा काट्याला लावून देते. पण तोंडातून निघालं, "बरं. आधी हात साबणानं धुवा. तारही धुवायची, पीळ उघडून, मग कडक उन्हात वाळवायची."

शिकवायला मी वाईट. धीर नाही मला. "शेपूट किती लांब सोडलंय, पतंगाचं आहे का?" "पक्कड हळू नका दाबू, तिला काय गुदगुल्या करायच्यात?" असं माझं चालू. सुरुवातीला ते नुसते मान डोलवायचे. आठवडाभरानं एकदा उलटून म्हणाले, "तुझ्या हाताखालच्या मुली पळून कशा गेल्या नाहीत?" त्या घरात कित्येक दिवसांनी मी हसले.

त्यांचे पहिले अकरा लीडर काट्यावर सुटले. एकही मी सोडून दिला नाही आणि त्यांनीही सोडा म्हटलं नाही. बाराव्याला काटा तीसवर गेला आणि थांबला. आम्ही दोघांनी मोठ्यानं साठ आकडे मोजले. नळी हलली नाही. ह्यांनी आपल्या उजव्या हाताकडे असं बघितलं, जसं काही तो आत्ताच कुणीतरी आणून दिलाय.

पक्कड दाबायला जोर लागतो, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. चांगलाच लागतो. हात खरंच गेलेल्या माणसाला ती मिटवताही येत नाही. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही. बोलायचा हक्क मी घालवून बसले होते. त्यांना ते आपलं आपल्यालाच कळत गेलं. ऑगस्टमध्ये एकदा पाण्याचा कॅन खाली आला होता. मी खाली हाक मारायला निघाले तर हे म्हणाले, "थांब," आणि गेले.

नोव्हेंबरात मित्रांचं ठरलं. ह्यांनी या वेळी कारण काढलं नाही. पूजेच्या आधीच त्यांचे आठ लीडर तयार होते. त्यातला एक माझ्या मनातून नापास होता. नळी तिरकी दाबलेली, एक तोंड जास्त चेपलेलं, बघवत नव्हतं. पण काटा दर वेळी त्याला पास करत होता. तीनदा लावला, तीनदा पास. मी म्हटलं, "हा दिसायला फार वाईट आहे हो, ठेवा घरी." ते म्हणाले, "काटा काय म्हणतो?" मी तो बाकीच्या सातांबरोबर ठेवला.

निघायच्या दिवशी मी माझे सहा लीडर त्यांच्या बॅगेत घातले, गुपचूप, टॉवेलच्या घडीत. असू द्यावेत म्हणून. ते बस पकडायला गेल्यावर टेबल पुसायला आले तर सहाही तिथे ओळीनं ठेवलेले. वर चिठ्ठी नाही, काही नाही. मला इतकं लागलं ते की मी खुर्चीत बसून राहिले. रागावून ठेवलेत की काय ते कळेना. मग लक्षात आलं, रागाचा प्रश्नच नव्हता. समुद्रात पुन्हा काही सुटलं तर कुणामुळे सुटलं, हे त्यांना या वेळी नक्की माहीत असायला हवं होतं. माझा एक जरी लीडर बरोबर असता तरी ते कळलं नसतं.

दोन दिवस मी देवालाही काही मागितलं नाही. मासा मिळू दे म्हणू की नको, तेच समजेना. मासा गेला तर हे पुन्हा खिडकीत जाऊन बसतील, एवढंच डोक्यात घोळत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोबाईलवर फोटो आला. बोटीच्या फळ्यांवर आडवी पडलेली सुरमई, तिच्यामागे गुडघे टेकून बसलेले हे, डोक्याला रुमाल, तोंड उन्हानं लाल. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. मासा सरकवला, ह्यांनाही सरकवलं, आणि माशाच्या जबड्यापाशी आले. गळ होता, तार होती, आणि नळी. तिरकी, एक तोंड जास्त चेपलेली. त्यांनी आठातून नेमका तोच लावला होता.

मग फोन वाजला.

"अगं, बघितलास?"

"बघितला. किती वेळ लागला?"

"घड्याळ कुणी बघितलं! तीनदा बोटीखाली गेली. तिन्ही वेळा सोडली, तिन्ही वेळा आणली."

"आणि हात?" मी विचारलं.  "हात कसा आहे?"

"हात?" ते हसायला लागले. मागे मित्र काहीतरी ओरडत होते, वारा वाहत होता, आणि हे लहान मुलासारखे हसत होते. "हात असा दुखतोय गं, की चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरलाय."

"बॅगेत मलम आहे. बाजूच्या कप्प्यात. लावून घ्या आधी."

"नाही लावणार," ते म्हणाले. "आज दुखू दे."